उंबऱ्यावरचे पाणी

गेल्या माघात नंदुरबारला दोन दिवसांच्या एका प्रशिक्षणात शिकवायला मी गेले होते. सभागृहापासून जवळच मिरचीच्या पथाऱ्या होत्या. दुपारी वारा फिरला की मिरचीचा तिखट खाट खिडक्यांतून आत येई आणि बोलणाऱ्याचा घसा बसे. समोर चाळीसेक माणसे होती: आश्रमशाळांच्या अधीक्षिका, ग्रामीण रुग्णालयांतले डॉक्टर आणि परिचारिका, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, बाल कल्याण समितीवरचे दोघे, आणि मागच्या रांगेत पोलीस ठाण्यांतून आलेल्या सात-आठ जणी. अत्याचार सोसलेल्या मुलाचे बोलणे कसे ऐकावे आणि ते कसे लिहून घ्यावे, हा दुपारचा विषय. तो फळ्यावर शिकवता येत नाही, म्हणून मी नेहमी स्वतःच मूल होऊन बसते. त्या दिवशी मी नऊ वर्षांची मुलगी झाले आणि समोर एक तरुण महिला उपनिरीक्षक वही घेऊन बसली. तिचे माहेर पारोळ्याकडचे, माझे अमळनेर तालुक्यातले, बोरीच्या काठावरचे. दोघींची घरातली बोली अहिराणीच. तिने विचारले, मी मान खाली घातली, ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिले आणि बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाले, "माले तठे जावानं नही." तिने लिहून घेतले. नंतर वाचून दाखवले: "पीडितेने आरोपीच्या घरी जाण्यास नकार दर्शविला."

मी प्रशिक्षकाने करायचे ते केले. या वाक्यात मुलीचे शब्द किती, असे सभागृहाला विचारले. कोणी हात वर केला नाही, कारण एकही नव्हता. 'पीडिता' ती म्हणाली नव्हती, 'आरोपी' म्हणाली नव्हती, घराचे नावही तिने काढले नव्हते; 'तठे' म्हणजे घर, शेत, खळे की शाळेची मागची खोली, हे तिने अजून सांगितलेच नव्हते, ते लिहिणारीने ठरवून टाकले होते. पॉक्सो या मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम २६मध्ये, दंडाधिकारी असोत की पोलीस अधिकारी, त्यांनी बालक जसे बोलले तसाच जबाब नोंदवावा असे म्हटले आहे. ते मी वाचून दाखवले. तिने मान हलवली, चूक मान्य केली, आणि सत्र पुढे सरकले. चहाच्या सुट्टीत मात्र ती कप घेऊन माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "ताई, कलम मला पाठ आहे," ती म्हणाली. "पण पोरगी जशी बोलली तसंच लिहिलं की तिचा आवाज रात्रभर कानात राहतो. 'नकार दर्शविला' असं लिहिलं की तो नुसता कागद होतो. मग मला घरी जाऊन भाकरी करता येतात." तिचे डोळे भरून आले होते. "मिरचीचा खाट फार आहे इथे," असे म्हणून तिने ते पुसले आणि ती आत गेली.

माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते.

दोंडाईचामार्गे धुळ्याला परत येताना एसटीच्या खिडकीत बसून मी तिच्या वाक्यापाशी पुन्हा पुन्हा येत होते, आणि त्या वाक्यामागून माझी स्वतःची एक जुनी फाईल वर येत होती. पॉक्सो लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ला. ही फाईल त्याच्या बऱ्याच आधीची. मी तेव्हा एका संस्थेत नुकतीच समुपदेशक म्हणून लागले होते. मुलांशी कसे बोलावे याचे प्रशिक्षण म्हणजे काय, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मी कोणाला विचारले नव्हते. एक मुलगी माझ्यासमोर दोन दुपारी गप्प बसली आणि तिसऱ्या दुपारी चार शब्दांचे एक वाक्य बोलली. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. ते तिचे आहे. पण माझ्या टिपणात मी त्याचे काय केले ते सांगते. मी लिहिले, "मुलीच्या म्हणण्यानुसार सदर व्यक्तीने तिच्याशी अनुचित वर्तन केले." त्या टिपणावरून तक्रार लिहिली गेली, तक्रारीवरून जबाब, आणि माझा शब्द कागदामागून कागद चढत न्यायालयात पोहोचला. आज विशेष न्यायालयात वकिलाला मुलाला थेट प्रश्न विचारता येत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत विचारावे लागतात. तेव्हा तसे नव्हते. वकील तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "अनुचित म्हणजे काय? तूच म्हणालीस ना, मग सांग." तिने तो शब्द जन्मात ऐकला नव्हता. तिने वळून माझ्याकडे पाहिले. मी मागच्या बाकावर बसले होते. खटल्याचे पुढे काय झाले ते सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिचे ते पाहणे मला अजून पुसता आलेले नाही, म्हणून लिहिते आहे.

इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आले की तो शब्द मी सभ्यतेपोटी वापरला, मुलीची अब्रू झाकावी म्हणून वापरला. नंदुरबारच्या त्या चहाच्या कपाशी उभी राहून एका तरुण मुलीने मला खरे कारण सांगितले. मी मला झाकले होते.

माझे वडील गावात तिरडी बांधायला बोलावले जाणाऱ्यांपैकी होते. कोणाच्याही घरी गेलेले असो, निरोप आला की हातातले काम टाकून ते निघत, आणि बोरीच्या काठावरून परत येताना दुरूनच ओळखू येत, कारण त्या दिवशी ते सावकाश चालत. आई उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली आणि तांब्या ठेवून बसलेली असे. शेजारच्या कडुलिंबाची डहाळी तिने आधीच मोडून आणलेली असे. ते आले की आम्ही पोरे धावत जायचो नाही. आम्हांला ते शिकवलेलेच होते. वडील कोणाशी न बोलता लिंबाचे पान दातांखाली धरीत, डोक्यावरून पाणी घेत, ओले कपडे बाहेरच पिळून टाकीत, आणि मगच आत येऊन मला जवळ घेत. त्यांच्या अंगाला तेव्हा लाइफबॉय साबणाचा आणि ओल्या मातीचा वास येई. पुढे त्या घरी खांदेकऱ्यांना आवर्जून जेवायला बोलावत. लहानपणी मला हा सगळा विटाळाचा प्रकार वाटे, आणि शिकल्यावर त्याचा रागही येई. आता वाटते, त्यात आणखीही काही होते. ज्याने खांदा दिला तो काहीतरी घेऊन घरी येतो, हे आमच्या माणसांना ठाऊक होते. ते उतरवायला वेळ लागतो, पाणी लागते, आणि त्या वेळात त्याला कोणी काही मागू नये, हेही ठाऊक होते.

पोरीचा जबाब लिहून घरी परतणाऱ्या बाईसाठी उंबऱ्यावर कोण पाणी ठेवतो?

गावाने या दुसऱ्या ओझ्यासाठी रीत केली नाही, कारण ते ओझे आहे हेच गाव कबूल करत नव्हते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे झोके बांधले जात, माहेरवाशिणी येत, गौराईची गाणी उन्हातून अंगणापर्यंत ऐकू येत. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली एक मुलगी, जिचा झोका सगळ्यांत उंच जायचा, ती एका वर्षी आलीच नाही. बायका म्हणाल्या, तिची तब्येत बरी नाही. पुढच्या वर्षी म्हणाल्या, तिला बाहेरचे लागले आहे. तिसऱ्या वर्षी तिचे लग्न झाले. तिला काय झाले होते ते मला आजही माहीत नाही, आणि अंदाज करून मी तिच्यावर आणखी एक गोष्ट लादणार नाही. पण तिचे म्हणून एक वाक्य त्या तीन वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकल्याचे मला आठवत नाही. प्रत्येकीकडे तिच्यासाठी एक तयार शब्द होता. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला होता. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मी माणसे मुलांच्या ओळखीची, विश्वासातली होती, आणि बहुतेक मुलांनी ते पूर्वी कोणालाच सांगितले नव्हते. तो आकडा वाचताना मला झोका आठवला होता. गाव आपल्या मुलांचे बोलणे ऐकत नाही असे नाही. ते ऐकते आणि ताबडतोब त्याला सोसवेल अशा भाषेत उतरवून घेते. तीच सवय घेऊन आम्ही शिक्षिका होतो, परिचारिका होतो, फौजदार होतो, समुपदेशक होतो.

कायदा या बाबतीत आपल्याहून हळवा आहे, असे मला तो वाचताना अनेकदा वाटले आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, ती उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाची नसावी, तिच्या अंगावर गणवेश नसावा, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, आरोपी त्याच्या नजरेस पडू नये, आईवडील किंवा ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे असे माणूस जवळ असावे, चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावे, साक्ष देताना मुलाला मधूनमधून थांबू द्यावे: हे सगळे लिहिणाऱ्यांनी कधीतरी एखादे भेदरलेले मूल अगदी जवळून पाहिले असणार. २०२०च्या नियमांनी त्यात तपासापासून खटल्यापर्यंत सोबत करणाऱ्या सहायक व्यक्तीची तरतूद सविस्तर केली. प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्षाने दुभाषे, अनुवादक, विशेष शिक्षक आणि सहायक व्यक्ती यांची नोंदवही ठेवावी, असेही सांगितले, आणि मुलांशी संबंध येणाऱ्या सर्वांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यावे असेही. म्हणजे कायद्याने ऐकणाऱ्याची जागा, कपडे, दर्जा आणि वेळ सगळे ठरवले आहे. ऐकून झाल्यावर त्या माणसाने कुठे जावे, एवढेच त्यात नाही.

दुभाष्याचा विषय आमच्याकडे फार महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे सर्वांत कमी पाहिले जाते, म्हणून त्यावर थोडे थांबते. धडगाव, अक्कलकुवा भागातले मूल पावरी किंवा भिलोरी बोलते, नवापूरकडचे मावची बोलते. शाळेत आले की त्याला मराठी शिकावी लागते, पण भीती त्याला मराठीत वाटत नाही. प्रशिक्षणाला आलेल्या एका अधीक्षिकेने सांगितले की, एका मुलीचे बोलणे समजून घ्यायला त्या वेळी आवारात पावरी येणारी एकच व्यक्ती होती, स्वयंपाकघरातली मावशी. मावशी मुलीजवळ बसली, मुलगी बराच वेळ बोलली, आणि मावशीने तोंडाला पदर लावून मराठीत एकच वाक्य सांगितले, "तिला त्रास झाला, बाई." दहा मिनिटांच्या बोलण्याचे एक वाक्य. दुभाष्याने निःपक्षपाती असावे, त्याचा प्रकरणाशी काही संबंध असेल तर तो आधी सांगावा, एवढे नियमात आहे. पण मावशीला कोणीतरी बाजूला घेऊन समजवायला हवे होते की, तू गाळलेस ते मुलीला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागणार आहे. आणि तिला हेही सांगायला हवे होते की, तुला जे ऐकावे लागले ते ऐकून कोणाचाही जीव कासावीस झाला असता. त्या रात्री पन्नास-साठ मुलींच्या भाकऱ्या तिनेच केल्या. अधीक्षिका म्हणाली, "भाकरी करताना ती रडत होती, पण चूल धुरकट होती म्हणून मी विचारलं नाही."

मिरची, चूल. आम्ही रडायला कारणे बरी शोधतो.

प्रशिक्षणे होतात, नाही असे नाही. माझी तक्रार त्यांच्या संख्येबद्दल नाही, त्यांतल्या वेळेच्या वाटणीबद्दल आहे. पहिला दिवस कलमांचा. कळवले नाही तर कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबाबत कळवले नाही तर एक वर्षापर्यंत, हे पडद्यावर मोठ्या अक्षरांत येते आणि सभागृह एकदम सरळ बसते. दुसरा दिवस नमुने भरण्याचा. त्यातून उरलेला तास-दीड तास मुलाशी बोलण्याचा, तोही जेवणानंतरचा. ऐकणाऱ्यासाठी वेळ धरलेलाच नसतो. शेवटी आभार, प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. जो तास-दीड तास मिळतो त्यात मी एकच गोष्ट शिकवायचा प्रयत्न करते. जगभरातले अभ्यासक मुलांच्या जबाबाबद्दल सांगतात की प्रश्न मोकळा असावा, उत्तर त्यात दडलेले नसावे, 'त्याने तुला हात लावला का' असे न विचारता 'काय झाले ते सांग' म्हणावे, 'का' हा शब्द टाळावा कारण त्यात मुलाला दोष ऐकू येतो, 'मी कोणाला सांगणार नाही' असे खोटे वचन देऊ नये. हे सगळे मी सांगते आणि मग म्हणते, आपल्या आजीकडे यासाठी एकच शब्द होता: "मंग?" रात्री बाजेवर पडून आम्ही तिला दिवसभराचे सांगायचो, ती पंखा हलवत फक्त "मंग?" म्हणायची, आणि आम्ही पुढचे सांगायचो. तिने कधी घाई केली नाही, मध्येच न्याय केला नाही, आमचे वाक्य पुरे केले नाही. हे सांगितले की सभागृहात पहिल्यांदाच माणसे हसतात, आणि मग सराव करताना जरा बरे ऐकतात.

नंदुरबारला त्याच दिवशी संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयातल्या एका डॉक्टरांनी मला थांबवले. वैद्यकीय तपासणीबद्दलची केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ची मार्गदर्शक तत्त्वे त्यांना नीट माहीत होती: आधी उपचार, मग पुरावा, पोलीस कागद आला नाही म्हणून मुलाला परत पाठवायचे नाही, 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे बोटांनी केली जाणारी योनीतपासणी, करायचीच नाही, जिला सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये अयोग्य ठरवले आणि २०२२मध्ये पुन्हा बजावून सांगितले. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. हे डॉक्टर एका मुलग्याबद्दल बोलत होते. मुलग्यांवरही अत्याचार होतो हे पॉक्सोने सरळ मान्य केले, पण मुलग्याला घेऊन येणारे आईबाप अजूनही जिन्याच्या अंधाऱ्या बाजूने येतात, असे ते म्हणाले. "तपासणी मी नियमाने केली, अहवालही नीट लिहिला," ते सांगत होते, "पण त्या दिवशी घरी गेल्यावर मी माझ्या मुलाला उचललं नाही. तो हात वर करून उभा होता. बायकोला वाटलं, मी थकलोय." एवढे बोलून ते गप्प झाले. मला वडिलांची बादली आठवली. फक्त यांना कोणी सांगितले नव्हते की पाणी घेतल्यावर पुन्हा आत जाऊन पोराला जवळ घ्यायचे असते.

याला शास्त्रात नावे आहेत. मॅक्कान आणि पर्लमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९०मध्ये, दुसऱ्याचा आघात सतत ऐकणाऱ्याच्या मनावर त्याची छाया कशी पडते आणि त्याचा जगावरचा विश्वासच कसा हलतो, याबद्दल लिहिले. आपण त्याला दुय्यम आघात म्हणतो. अहिराणीत बायका "जीवले लागनं" एवढेच म्हणतात, आणि माझ्या मते ते अधिक नेमके आहे. झोप उडते, किंवा दिवसा उजेडी पापणी मिटू लागते. स्वतःच्या मुलीला शेजारी जाऊ देववत नाही. घरातल्या पुरुषांकडे पाहताना मनात नको तो विचार येतो आणि त्याची लाज वाटते. आणि काहींचे उलट होते, त्यांना काही वाटेनासेच होते, समोरचे मूल नववे आहे की दहावे एवढेच लक्षात राहते. यावर उपाय अजिबात नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा 'संवाद' हा उपक्रम २०२०पासून अशा मुलांसोबत काम करणाऱ्यांना शिकवतो. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्री विनामूल्य लागतो. मुलांसाठी १०९८ आहे, तो तर १९९६मध्ये मुंबईतून सुरू झाला आणि आता सरकारच्या यंत्रणेचा भाग आहे. मी हे क्रमांक प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर लिहून देते. पण उपनिरीक्षक बाईला ज्याची गरज होती ते क्रमांकाने भागणारे नव्हते. तिला असे कोणी हवे होते ज्याला तालुका, ठाणे, जीप आणि साहेब यांतले काहीच समजावून सांगावे लागणार नाही, आणि जे तिचे ऐकताना "मंग?" एवढेच म्हणेल.

आणि इथेच मला वाटते की आपण एक चूक करत आलो आहोत. कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी घेणे हा जणू त्यांच्यावरचा उपकार आहे, जमल्यास सहल, जमल्यास योगासनांचा वर्ग, अशा भावनेने आपण त्याकडे पाहतो. वास्तविक तो पुराव्याचा भाग आहे. मूल बोलले तसेच लिहा, असे कायदा म्हणतो. ते तसेच लिहायचे तर कोणाला तरी ते तसेच ऐकावे लागते, न झटकता, मध्ये शब्दांची भिंत न घालता. ती भिंत आळसाने उभी राहत नाही, अडाणीपणानेही नाही. ती माणूस स्वतःला वाचवण्यासाठी उभारतो. तिच्यामागे उभ्या असलेल्या बाईला तुम्ही कलम २६ शंभर वेळा वाचून दाखवले तरी ती मान हलवील आणि रात्री "नकार दर्शविला" असेच लिहील, कारण तिला उद्याही ठाण्यात यायचे आहे आणि आज घरी जाऊन भाकरी करायच्या आहेत. ऐकणारीला आधार दिला तर मुलाचा शब्द न्यायालयापर्यंत आहे तसा पोहोचण्याची शक्यता वाढते. हे मला माझ्या फाईलने शिकवायला हवे होते. शिकायला एवढी वर्षे लागली याचे मला वाईट वाटते.

चैत्रापासून आम्ही महिन्याच्या शेवटच्या शनिवारी धुळ्यात माझ्या घरी जमतो. कधी चौघी, कधी सहा जणी, एकदा ते डॉक्टरही आले होते. कोणत्याही मुलाचे नाव, गाव, शाळा घ्यायची नाही, फाईल आणायची नाही, सल्ला द्यायचा नाही, मध्ये फोन उचलायचा नाही, एवढेच ठरलेले आहे. कळण्याच्या भाकरी आणि ठेचा असतो, थंडीत भरीत असेल. मी याला उपचार म्हणत नाही आणि कोणी म्हणू लागले तर थांबवते. ज्यांची झोप आठवडे गेली आहे त्यांना मी डॉक्टरांकडेच पाठवते. मनात शंकाही आहेत. ऐकणाऱ्यांना हलके वाटू लागले तर ते बोथट तर होणार नाहीत ना, आपण एक असह्य गोष्ट सोसण्याजोगी करून ठेवत आहोत का, हा प्रश्न भांडी घासताना मला हमखास येतो. शिवाय ज्यांना सर्वांत गरज आहे त्या येऊच शकत नाहीत: आश्रमशाळेच्या अधीक्षिकेला रात्री मुलींना सोडून निघता येत नाही, आणि स्वयंपाकघरातल्या त्या मावशीला असे काही असते हेच ठाऊक नसणार. दोन जणी एकदा आल्या आणि परत आल्या नाहीत. त्यांना काय बोचले ते मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

ती उपनिरीक्षक श्रावणात आली. खानदेशात श्रावणात बसवतात ती कानबाई देवी बसायला आठ दिवस होते, शेजारी रोटांचे गहू निवडणे चालले होते आणि बाहेर भुरभुर पाऊस होता. पहिला तासभर ती काहीच बोलली नाही; कोणीतरी शेंगा सोलत होते, त्यांच्यात जाऊन बसली. मग शेंगांकडेच पाहत तिने सांगितले की, मधल्या काळात तिने एका मुलीचा जबाब घेतला. गाव आणि वय मी सांगत नाही. मुलीच्या घरी, ओट्यावर, साध्या कपड्यांत बसून तिने तो घेतला आणि मुलगी बोलली तसा, अहिराणीतच, लिहिला. मुलगी त्या माणसाला 'मामा' म्हणत होती, गावात सगळेच त्याला मामा म्हणतात, म्हणून तिने 'मामा' लिहिले. शेवटी तिने सगळे मुलीला वाचून दाखवले. मुलगी ऐकत होती. अर्ध्यावर तिने हात पुढे केला आणि कागदावर बोट ठेवले. "मामा नको लिखू," ती म्हणाली. "तो मना मामा नही."

आम्ही कोणी काही बोललो नाही. मी फक्त "मंग?" म्हटले.

"मग मी दोन्ही लिहिलं, ताई," ती म्हणाली. "आधी काय म्हणाली तेही, आणि नंतर काय म्हणाली तेही." तिने मांडीवरची टरफले गोळा केली, उठून मागच्या दारी गेली आणि नळाखाली कितीतरी वेळ हात धुत उभी राहिली. त्या रात्री घरी गेल्यावर झोप लागली नाही, हेही तिने पाठमोरी उभी राहूनच सांगितले. मी पंचा घेऊन दारात थांबले.